ढिगाच्या पुढे जाऊ नका

"ती बोलते का गं कधी? की नुसतं पाणीच पीत बसते?"

हे माझ्याबद्दल होतं. मी तंबूच्या मागे बसून बुटातली खडी काढत होते. तंबूचं कापड म्हणजे भिंत, असा पुष्कळ लोकांचा समज असतो. विचारणारी एडिनबराची, बँकेत नोकरीला. उत्तर देणारी आमच्या लीडरची बायको, ग्लासगोत माझ्याच ऑफिसात काम करणारी.

"अगं, कॉन्व्हेंटची आहे ती. मराठीत विचार करायला वेळ लागतो तिला."

दोघी हसल्या. मी बुटाची नाडी बांधली आणि नेहमीप्रमाणे गप्प बसले. विचार करायला मला वेळ लागत नाही. पुण्यातल्या माझ्या इंग्रजी शाळेत मी मराठीचा धडा मोठ्याने वाचला की वर्ग हसायचा. तेव्हापासून मी ऐकायचं काम घेतलं आहे आणि ते मला चांगलं जमतं.

जूनमधल्या एका शनिवारी आम्ही सहा जण स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्म्स डोंगरांच्या पठारावर तंबू ठोकून होतो. लीडर आणि त्याची बायको, एडिनबराचं जोडपं, लीडरचे वडील आणि मी. लीडर हे पद त्याने स्वतःच घेतलं होतं, सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या जोरावर. खाली कार पार्कमध्ये त्याने शंभर किल्ले केलेले होते. वर पोचेपर्यंत ते सव्वाशे झाले. मी गेली दोन वर्षं बहुतेक रविवारी ट्रेन आणि बस पकडून इथल्या डोंगरांत एकटी येते, नकाशा आणि होकायंत्र वापरायला शिकले आहे, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. त्यांच्या लेखी मी गाडीतली सहावी सीट होते.

कार पार्कमधल्या फलकावर लिहिलं होतं की वरचं पठार म्हणजे थंडीचं वाळवंट. ते खरंच तसं आहे. झाड नाही, माती नावापुरती, गुलाबी ग्रॅनाइटची खडी आणि वारा. मला त्या रिकामपणासाठीच तिथे जायला आवडतं. एडिनबराच्या नवऱ्याने वर पोचल्यावर चहूकडे पाहिलं आणि फसवणूक झाल्यासारखा चेहरा केला.

"एवढं चढून वर काहीच नाही?"

दरवाजा नाही, तोफ नाही, देऊळ नाही, लिंबूसरबत घेऊन बसलेल्या मावशी नाहीत.

"डेझर्ट म्हणाले होते ना?" त्याची बायको म्हणाली. "मग वाळू तरी कुठाय?"

लीडरने सगळ्यांना सारखे भगवे टी-शर्ट वाटले होते. त्यावर डोंगराचं चित्र आणि खाली त्याचं स्वतःचं नाव. माझा मी सॅकच्या तळाशी ठेवला. मग तो एका खडकावर चढला आणि जोरात घोषणा दिली. खडीच्याच रंगाचे दोन पक्षी दचकून उडाले. त्यांचं बहुधा जवळच घरटं असावं. लीडरचा फोटो छान आला, असं सगळे म्हणाले.

या सगळ्यात एकच माणूस नीट बघत होता. लीडरचे वडील, वय अडुसष्ट, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. उभं आयुष्य त्यांनी सरकारी मोजणीदार म्हणून शेतांच्या हद्दी मोजण्यात घालवलं होतं. चढताना ते सगळ्यांच्या मागे, पण एका लयीत, न थांबता चालत होते. मुलगा दर वळणावर ओरडायचा, "बाबा, जमतंय ना? नाहीतर खाली थांबायचं होतं!" ते हात हलवायचे आणि चालत राहायचे.

तंबू लावून झाल्यावर ते माझ्याजवळ आले. आमच्यापासून थोड्या अंतरावर कमरेइतका उंच दगडांचा ढीग होता.

"हा कसला गं ढीग?"

"काका, याला केर्न म्हणतात. धुकं उतरलं की इथे काहीच दिसत नाही. म्हणून लोक असे ढीग लावून ठेवतात. एकापासून दुसऱ्याकडे चालायचं."

"म्हणजे हद्दीचा दगडच की." त्यांनी ढिगाला हात लावून बघितलं. मग खालची एक चपटी कपची उचलून नीट बसेल अशी वर ठेवली.

"सकाळी धुकं असलं, तर बाहेर जायचं झाल्यास या ढिगापर्यंतच जा," मी म्हणाले. "ढिगाच्या पुढे जाऊ नका. पुढे कडा आहे."

"ढिगापर्यंत. पुढे नाही." शाळेतल्या मुलासारखं त्यांनी ते परत म्हणून दाखवलं. रक्तदाबाची गोळी घेतली, दोन ठेपले खाल्ले आणि उजेड असतानाच झोपायला गेले. इथे जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो.

मग पिठल्याचा विषय निघाला. माझ्याकडे गॅसचा छोटा स्टोव्ह होता. तो मी पुढे केला. लीडरने त्याच्याकडे खेळण्याकडे बघावं तसं बघितलं.

"ट्रेक म्हटला की चूल. गॅसवरचं पिठलं घरी खातोच की."

पेट्रोल पंपावरून त्याने जळाऊ लाकडाच्या दोन जाळीदार पिशव्या घेतल्या होत्या. त्या एडिनबराच्या नवऱ्याने धापा टाकत वर आणल्या होत्या. चुलीला तीन दगड पुरतात. पण वारा होता, म्हणून आडोसा हवा आणि आडोशाला पुष्कळ दगड हवेत. पठारावर दगडांना तोटा नव्हता. पण ते वेचायला हिंडावं आणि वाकावं लागलं असतं. ढिगातले दगड मात्र चपटे, निवडलेले, कमरेच्या उंचीवर तयार होते.

"हे कुणीतरी आपल्यासाठीच ठेवलंय," एडिनबराची म्हणाली.

ते चौघे रांग लावून दगड पुढे सरकवू लागले. लीडरने मोबाइलवर गाणी लावली. काकांनी ठेवलेली कपची सगळ्यात आधी गेली. मी हातात स्टोव्ह घेऊन उभी होते. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, मराठीत आणि इंग्रजीतही. मी मनात म्हटलं, सांगितलं तर हसतील, म्हणतील आली मोठी गाईड. असल्या लोकांशी काय बोलायचं, असंही म्हटलं. तिरस्काराची सोय अशी असते की तो मनात धरला की तोंड उघडावं लागत नाही. पिठलं करपलं. चव काही औरच, असं सगळे म्हणाले. मीही खाल्लं.

सकाळी मला जाग आली ती लीडरच्या हाकेने. "बाबा! ओ बाबा!"

बाहेर धुकं होतं. शेजारचा तंबू म्हणजे एक हिरवा डाग. काकांच्या तंबूची चेन उघडी होती, बूट नव्हते, पाण्याची बाटली नव्हती.

"जवळच असतील," लीडरची बायको म्हणाली. तिचा आवाज चिरकला.

"इमर्जन्सीला, नाइन नाइन नाइन लावू का?" एडिनबराचा नवरा फोन उंच धरून फिरत होता. "रेंज नाहीये यार."

लीडर एकदा इकडे धावायचा, एकदा तिकडे आणि दर वेळी धुक्याला घाबरून परत यायचा. सव्वाशे किल्ल्यांवर त्याला वाट विचारायला कुणीतरी भेटलं असणार. इथे विचारायला माणूस नव्हता.

मला एकदम कळलं. काका ढिगापर्यंत गेले असणार. ढीग नव्हता. म्हणून ते ढीग शोधत पुढे गेले असणार, आणि पुढे कडा होता.

मी सॅकमधून दोन शिट्ट्या काढल्या. एक लीडरच्या बायकोच्या हातात दिली, तिच्या घड्याळावर बोट ठेवलं आणि एकदा फुंकून दाखवली. तिने मान हलवली. ढिगाच्या जागी आता ओलसर, गडद खडीचं एक वर्तुळ उरलं होतं. तिथे उभं राहून मी होकायंत्र लावलं आणि तंबूपासून ढिगाकडे येणारी रेषा तशीच पुढे धरून चालू लागले. पावलं मोजत होते. मागे दर मिनिटाला शिट्टी वाजत होती. मीही माझी वाजवत होते.

दोनशे तीस पावलांवर ते दिसले. एका खडकावर बसले होते, बाटली दोन्ही हातांत धरून. त्यांच्या पायांपुढे खडी उताराला लागली होती. उतार कुठे संपतो ते दिसत नव्हतं.

"काका."

"आलीस?" त्यांचे ओठ निळसर झाले होते. "जमीन कलायला लागली, म्हणून थांबलो. शिट्टी ऐकली, पण धुक्यात दिशा कळेना. ढीग सापडला नाही बघ. तू सांगितलं होतंस म्हणजे असणार, म्हणून चालत राहिलो. अंतर चुकलं माझं. आयुष्यभर अंतरं मोजली, पण आता वय झालं."

मी माझं जॅकेट त्यांच्या अंगावर घातलं. त्यांचा हात धरला आणि शिट्टीच्या दिशेने परत निघाले. वाटेत त्यांनी तीनदा तेच सांगितलं, अंतर चुकलं. मी तीनदा गप्प बसले.

तंबूपाशी पोचल्यावर लीडरने वडिलांना मिठी मारली. तेवढं खरं होतं. पण पाच मिनिटांत त्याचा रंग परत आला. तो चुलीत लाकडं सारू लागला.

"काय बाबा तुम्ही पण! सकाळी सकाळी एकटेच एक्सप्लोर करायला?" मग आमच्याकडे वळून, "या वयात ना, दिशेचं भानच राहत नाही. आता यांना एकटं कुठेच सोडायला नको. मॉललाही नाही."

एडिनबराची हसली. तिचा नवराही हसला. लीडरची बायको हसली नाही. ती अजून शिट्टी हातात धरून होती. काकाही हसले, खाली बघत, गुन्हा कबूल केल्यासारखे. त्यांच्यासमोर चुलीच्या आडोशाला त्यांचीच चपटी कपची लावलेली होती, एका बाजूने काळी झालेली. त्यांनी ती पाहिली. ओळखली. मग माझ्याकडे पाहिलं.

"चला, चहा टाकतो," लीडर म्हणाला.

"काका चुकले नाहीत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "त्यांना मी ढिगापर्यंत जायला सांगितलं होतं. ढीग तुम्ही मोडलात. मी तिथे उभी होते, सगळं बघत होते आणि गप्प बसले. आता चूल मोडा आणि दगड होते तिथे लावा. चहा नंतर."