ओन्नीचं झाकण

वेइक्को सारेला हा माणूस विकाऊ घर तपासायला आला की त्या घरची कॉफी घेत नाही. आमच्या हॅनकॉक गावात हा अपमान धरतात. पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा कप उचलायचा, ही रीत. वेइक्को तिसऱ्यांदाही नकोच म्हणतो.

त्या दिवशी घर माझ्या मोठ्या बहिणीचं, हेल्मीचं होतं. नवरा ओन्नी गेल्यापासून ती एकटी. बर्फ पडायच्या आत तिला मुलीकडे जायचं होतं आणि घर विकल्याशिवाय ते जमणार नव्हतं. घेणारी जेना ट्रेझीस, इथल्या शाळेतली शिक्षिका. वेइक्कोला तपासणीला तिनेच बोलावलं होतं.

"माझी कॉफी कडू झाली का रे आता?" हेल्मी म्हणाली. "लहानपणी बशी चाटायचास."

"चाटायचो. आधी काम."

वेइक्को सतराव्या वर्षी गवंड्याच्या हाताखाली विटा वाहायला लागला. मग माझ्याबरोबर सुतारकाम, मग छपरं, मग स्वतःच्या मेहुण्याबरोबर नळाची कामं. एकाही कामात तो पहिल्या नंबरचा नव्हता. छपरावर तर फारच सावकाश. पण आधीच्या माणसाने केलेली चालढकल निस्तरायला नेहमी त्यालाच पाठवायचे, त्यामुळे माणसं चालढकल कुठे लपवतात ते त्याला पाठ झालं. गुडघे गेले तेव्हा परीक्षा देऊन तो तपासनीस झाला.

त्याने धुराडं ठोकून पाहिलं, छप्पर पाहिलं, नळांचा उतार पाहिला. सगळं ठीक. मग तळघरात उतरला; हेल्मी, जेना आणि मी मागोमाग. तिथे ओन्नीने स्वतः बांधलेली सॉना, म्हणजे वाफ घ्यायची खोली, आहे. बाकांखाली भिंतीत हवेचं भोक असतं, त्यात लाकडाचं झाकण घट्ट बसवलेलं होतं.

"ते काढू नकोस," हेल्मी म्हणाली. "ओन्नीने केलंय. वाफ बाहेर जायची."

ही आमच्या लोकांची खोड. वाफेचा एवढा लोभ, की ती कुठे मुरते ते कोणी बघत नाही.

वेइक्कोने झाकण काढलं, उलटसुलट केलं. "काम सुरेख आहे," तो म्हणाला. "फक्त इथे नको होतं." भोकातून आत टोचा घातला. मागच्या तुळईत तो लोण्यात जावा तसा गेला.

हेल्मी बाकावर बसली. "तुला गप्प राहता नाही येत?"

"घर ती घेतेय, हेल्मी."

जेनाचा चेहरा उतरला. "म्हणजे घेऊ नको?"

"ते तू ठरव. तुळई कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत कुजलीय. पुढे ठणठणीत आहे, मी टोचून पाहिलं. तेवढा तुकडा बदलला तर घर तुझ्यानंतरही उभं राहील."

"आणि बदलला नाही तर?"

"नाही तर घेऊ नको."

"बर्फाच्या आत झालं तर घेईन," ती म्हणाली.

तुकडा मी बदलला. हाताशी दुसरा सुतार नव्हता आणि बहीण माझी. घराखाली जॅक लावताना वेइक्को बघायला आला.

"उभा काय राहिलास? पाचर धर."

"मला हात लावता येत नाही. मीच खोट काढायची, मीच दुरुस्ती करायची, मग माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?"

हात खिशात घालून तो उभा राहिला. माझी पाचर जरा तिरकी बसली की खाकरायचा.

"सर्दी झालीय का?"

"नाही."

दोनदा शिव्या घातल्या, दोन्ही वेळा पाचर काढून परत तासली. तिरकी होती खरी.

काम संपल्यावर जेनाला घेऊन तो पुन्हा तळघरात उतरला. हेल्मी जिन्याच्या तोंडाशी कॉफीचं भांडं धरून उभी. खालून टोच्याचे आवाज येत होते. प्रत्येक आवाज कोरडा, टणक.

"घेते मी घर," जेना म्हणाली.

वेइक्को वर आला, हात धुतले, बसला. हेल्मीने विचारायच्या आधीच कप पुढे केला.

"नको," तो म्हणाला.

"नको काय? मेल्या, काम झालं ना!"

"अजून एकदा विचार. रीत आहे."

ती हसली. ओन्नी गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. वेइक्को तीन कप प्याला आणि बशीही चाटली.

पहिलं बर्फ पडलं तेव्हा ती मुलीकडे पोचली होती. ते झाकण ती बॅगेत घालून घेऊन गेली. मुलीकडे सॉना नाही.