तांबूस पाटल्या

दाजीशेट गेल्याचे कार्ड ठाण्याला माझ्या शाळेत आले, तेव्हा त्यांना जाऊन चार दिवस झाले होते. त्यांच्या मुलाने दोनच ओळी लिहिल्या होत्या. मी वर्गाला पाढे लिहायला सांगितले आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. खाडीवर दुपारचे ऊन पसरले होते. त्याचा रंग नेमका कोणता म्हणावा, हे मला ठरवता येईना... हे वेडही त्यांनीच लावलेले.

कल्याणला मास्तर असताना सहा वर्षे मी त्यांच्या माडीवर राहिलो. खाली त्यांचे सोनारकामाचे दुकान. शाळा सुटली की मी पुस्तक घेऊन त्यांच्या शेगडीजवळ बसे. पुस्तक बहुधा मिटलेलेच राही. एकदा त्यांनी सोन्याचा वर्ख दोन काचांमध्ये धरून माझ्या डोळ्यांसमोर आणला. पलीकडचे अंगण, तुळस, वाळत घातलेले धोतर, सारे पाण्याखाली असल्यासारखे हिरवट दिसू लागले. "हे सोनं?" मी विचारले. "सोनंच. आरपार कधी पाहिलं नव्हतंत, एवढंच." निव्वळ सोने पिवळेजर्द असते, पण जमिनीतून निघताना ते सहसा एकटे नसते, असे ते सांगत. कुठे रुपे बरोबर घेऊन येते, कुठे तांबे. रुप्याने ते चाफ्याच्या पाकळीसारखे फिकट होते, तांब्याने लालसर. दागिना टणक व्हावा म्हणून सोनारही हेच दोन मिसळतो. "आपण बघतो तो पुष्कळदा सोबतीचा रंग, मास्तर."

आणि एवढे कळणाऱ्या माणसाच्या हातून ती चूक झाली. शहाडच्या सुखवस्तू शेतकरी घरातली एक बाई सुनेच्या पाटल्या घेऊन आली. सून माजिवड्याची; तिच्या बापाने गिन्या आटवून त्या घडवल्या होत्या. सासूच्या हातात दाजीशेटनीच केलेल्या फिकट पाटल्या होत्या, त्यांच्याशेजारी या लाल दिसत. "तांबंच गल्यात मारलंय ना आमच्या?" तिने विचारले. दाजीशेट दुकान आवरत होते, कसोटीचा दगड पेटीत गेला होता. त्यांनी नुसती नजर टाकली. "तांबूस दिसतंय खरं," म्हणाले. एवढेच. दुसऱ्या दिवशी तिने सुनेला पाटल्यांसकट बापाच्या दारात नेऊन सोडले.

हे आम्हांला कळले दोन महिन्यांनी. तो बाप फडक्यात पाटल्या बांधून दुकानात आला. "शेट, गावात तोंड दाखवायला जागा नाय. एकदा कस तरी लावा." दाजीशेटनी दगडावर रेघ ओढली, वर तेजाबाचा थेंब सोडला. रेघ जराही पुसट झाली नाही. सासूच्या पाटल्यांइतकेच चोख सोने. त्यांच्यात रुपे होते, यांच्यात तांबे. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. "सोनं आटवून पुन्हा घडवता येतं," मला म्हणाले. "त्या पोरीचे दोन महिने मी कुठल्या मुशीत घालू?"

सकाळी ते शहाडला निघाले. मीही बरोबर गेलो. अंगणात भावकी बसलेली असताना, उभ्याउभ्याच, त्यांनी आपली चूक सांगितली.

"मंग तवा डोले खं गेलते तुमचे, शेट?" सासू कडाडली.

"डोळे इथंच होते, वयनी. दगड पेटीत होता."

कुणीतरी हसले. तिलाही हसू आवरेना, म्हणून ती आणखीच रागावली. "आता कंच्या तोंडानं मी त्या मानसाच्या दारात जाऊ?"

"माझं तोंड घेऊन जा. चुकलंय तेच."

खरोखर त्यांना बैलगाडीत घालूनच ती माजिवड्याला गेली, आणि सुनेला घेऊन आली.

गेल्या आठवड्यात मी कल्याणला गेलो. दुकानात त्यांची गादी तशीच होती, मध्ये थोडी खचलेली. ओसरीवर एक बाई बसली होती. चेहरा मला ओळखू आला नाही, मनगटावरचा तांबूस रंग ओळखू आला. ती सांगू लागली, "दरसाल भात झोडून झालं का शेट यायचे. दारातच उभे. 'बरी आहेस ना?' इतकंच इचारायचे, पानी पन नाय घ्यायचे. मी ते दोन महिने कवाच इसरले, मास्तर. त्यांना किती येला सांगितलं..." यंदा भात झोडून झाले तरी शेट आले नाहीत, म्हणून तीच निघून आली होती. इथे दारात तिला कळले.

 मी विचारले, "बरी आहेस ना?"

"बरी हाय," ती म्हणाली. माझ्याकडे नव्हे, आत गादीकडे बघत.