हे ठोके कोणाचे?

इस्पितळात सगळे तिला वायरताई म्हणत. इमारतीतलं कॉम्प्युटरचं सगळं जाळं तिच्या ताब्यात होतं: छतावरच्या पोकळीतून गेलेल्या तारा, प्रत्येक मजल्यावरच्या कपाटात त्या तारा जोडणारे, लुकलुकणारे स्विचचे डबे, भिंतीतली सॉकेटं. स्वभावानं ती भित्री. घराला कुलूप लावलं, तरी चार पावलांवरून परत येऊन ते ओढून बघणार. तिची थोरली बहीण, आक्का, तिला चिडवायची, "तुला घाबरायचा पगार मिळतो, हेच नवल!"

तीच आक्का आता ऑपरेशन होऊन वरच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर होती. उशाशी मॉनिटर. त्यातले हृदयाचे ठोके तारेवरून नर्सबाईंच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर जात, रेघ आणि आकडा होऊन. दुपारी वायरताई त्या टेबलापाशी उभी असताना आक्काच्या नावापुढचा आकडा सत्तरीवरून घसरत घसरत चाळिशीत आला आणि गजर वाजला.

नर्सबाई पुढे, ती मागे, अशा दोघी धावल्या. आक्का उशीला टेकून केस विंचरत होती.

"काय गं, आग लागली का कुठं?"

उशाचं मॉनिटर सत्तरच दाखवत होतं. नर्सबाईंनी मनगट धरून पाहिलं, सगळं ठीक. "चिमटा सरकला असेल बोटावरचा," त्या म्हणाल्या. वायरताईच्या जिवात जीव आला. टेबलापाशी येईपर्यंत पडद्यावरचा आकडाही जागेवर आला होता. पण बघता बघता तो पुन्हा घसरला. नर्सबाईंनी गजर बंद करायला हात पुढे केला, तो वायरताईनं धरला.

"थांबा. आक्का ठणठणीत आहे ना? मग हे ठोके कोणाचे?"

"अहो, मशीनचा बिघाड असेल."

"तार तुटली असती, तर रेघ दिसलीच नसती. ही रेघ हलतेय, बाई. हे कुणाचं तरी काळीज आहे."

हे बोलताना तिचाच आवाज तिला परका वाटला. लॅपटॉप उघडून ती शोधू लागली, नेहमीसारखं खालून वर. सगळ्यात खाली तार. ती फक्त विजेचे झटके वाहून नेते. त्यांत कुणाचा जीव आहे, हे तिला ठाऊक नसतं. त्याच्या वर स्विच. कुठल्या तारेच्या टोकाला कुठलं यंत्र आहे, हे तो कारखान्यातून आलेल्या क्रमांकावरून ओळखतो. त्याच्या वरचा थर इस्पितळानं दिलेला पत्ता बघतो. त्याच्याही वरचा थर, माहितीचे सगळे तुकडे आले का, नीट क्रमानं लागले का, एवढं पाहतो. आणि अगदी वर बसलेला पडदा रेघ काढतो, नाव लावतो. पाठवताना प्रत्येक थर आपलं पाकीट चढवतो, घेताना ते उलट्या क्रमानं उघडलं जातं. दुसऱ्याच्या पाकिटात कुणी डोकावत नाही, म्हणून काम झटपट होतं. पण पत्ताच चुकला, तर सगळे थर इमानेइतबारे भलत्याचंच काळीज आणून देतात.

तार ठीक. स्विच ठीक. आणि मग ते दिसलं. पत्ता एकच, पण त्यावर घडीत एक यंत्र उत्तर देत होतं, घडीत दुसरं. एक आक्काच्या उशाशी. दुसरं तळमजल्यावरच्या एका सॉकेटला.

नर्सबाईंचा चेहरा उतरला. "या खाटेचं जुनं मॉनिटर आज दुरुस्तीहून आलं. खाली तपासणीला नेलेल्या पेशंटला लावलं वाटतं."

जुन्याचा पत्ता नव्याला दिला होता. जुनं परत आलं, पण त्यातला पत्ता कुणी पुसलाच नव्हता.

अशा वेळी करायचं काय, हे हाताला पाठ होतं: दुसऱ्या यंत्राचं तोंड स्विचवर बंद करायचं. एक बटण दाबायचं, की पडदा स्वच्छ. तिचं बोट बटणावर होतंही. मग तिच्या लक्षात आलं, हे दाबलं तर त्या माणसाचे ठोके कुणालाच दिसणार नाहीत. तिनं हात असा मागे घेतला, जणू चटका बसला.

खालचा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. नर्सबाईंनी वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंना गाठून सांगितलं, तशा त्या औषधांचा ट्रे घेऊन जिन्यावरून पळत सुटल्या, मागोमाग वायरताई. तळमजल्याच्या बोळात दारंच दारं, सगळी सारखी. वायरताई भिंतीवरच्या सॉकेटांचे क्रमांक वाचत पुढे निघाली. कुठूनही आवाज येत नव्हता, आणि त्या शांततेचीच तिला जास्त भीती वाटत होती.

"इथं! हेच सॉकेट!"

आत स्ट्रेचरवर एक म्हातारा एकटाच. चेहरा राखेसारखा, डोळे अर्धे मिटलेले. मॉनिटरचा आवाज कुणीतरी बंद केला होता. वर गजर वाजतोच, असा सगळ्यांचा भरवसा. त्याची सून रिपोर्ट आणायला गेली होती. डॉक्टरीणबाई वाकल्या, सुई टोचली, माणसं बोलावली. वायरताई भिंतीला टेकून मॉनिटरवरच्या आकड्याकडे बघत राहिली. तो वर यायला तयार नव्हता. मग हळूहळू, कुरकुरत आला.

म्हातारा वाचला. छातीत पेसमेकर बसवून पुढे घरी गेला. दुरुस्तीहून आलेलं यंत्र आधी वायरताईकडे येऊ लागलं. पण तिची भीती कमी झाली नाही, उलट वाढली. आधी तिला तार तुटायची भीती वाटायची. आता सगळं सुरळीत दिसलं, की ती पुन्हा तपासायला बसायची.

त्याच दिवशी संध्याकाळी ती आक्काच्या खाटेवर येऊन बसली आणि तिनं आक्काचं मनगट हातात घेतलं.

"अगं, मशीन आहे ना समोर," आक्का म्हणाली.

"असू दे."

"मोजतेयस?"

"बोलू नकोस. चुकतं."

आक्का हसली नाही. तिनं दुसरा हात हळूच बहिणीच्या पाठीवर ठेवला.