नेब्याचा बिसा

पहिल्याच दिवशी त्या माणसानं माझ्या खिशात हात घातला. विचारणं नाही, पुसणं नाही. अमेरिकेत, अर्विंगमधल्या म्हाताऱ्यांच्या सेंटरमध्ये मुलानं मला नुकतंच घातलं होतं, पोरं पाळणाघरात घालतात तसं. मी कोपऱ्यात बसून भाजलेल्या शेंगा फोडत होतो. एक उंच, काळाभोर म्हातारा पायघोळ निळा झगा सावरत समोर आला, टरफलांकडे बघून "बिसा, बिसा" म्हणाला, आणि माझ्या सदऱ्याच्या खिशातून मूठभर शेंगा काढून माझ्याच पुढ्यात खात उभा राहिला.

मी चौथीसुद्धा धड पास नाही, पण चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय. इंजिनियर वाकडं बोलला तर थापी खाली ठेवून घरी निघून येणारा माणूस मी. मी त्याचं मनगट धरलं. तो हसायलाच लागला. माझ्या छातीवर बोट टेकवून म्हणाला, "यू, माय स्लेव्ह."

घरी आल्यावर मुलाला, सुधीरला, विचारलं, स्लेव्ह म्हणजे काय रे? तो चमकला. "गुलाम. कोण म्हणालं तुम्हांला?" दुसऱ्या दिवशी मीटिंग कॅन्सल करून तो माझ्याबरोबर भांडायला आला.

त्या म्हाताऱ्याचं नाव नेबिये. त्याला सोडायला त्याची मुलगी क्लारिस आली होती. सुधीरचं ऐकून ती आधी हसली, मग माफी मागितली, मग समजावत बसली. ती इंग्रजीत बोले, सुधीर मला मराठीत सांगे. ही माणसं बुर्किना फासोची. आफ्रिकेच्या पश्चिमेकडचा देश, त्यात साठेक जमाती, प्रत्येकीची बोली निराळी. हे लोक गुरुन्सी. बिसा ही दुसरी जमात, शेंगा खाण्यात नाव काढलेली. या दोघांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं असं, की एकमेकांना गुलाम म्हणायचं, वाट्टेल ते बोलायचं, समोरच्याच्या ताटातलं उचलायचं, आणि रागवायचं कुणीच नाही. ज्याला राग आला तो हरला.

"इथे पप्पांना एकही बिसा भेटला नाही," क्लारिस म्हणाली. "तीन वर्षांत त्यांना कुणी शिवी दिलेली नाही. वाळत चालले होते."

"मग मी काय करायचं?"

"तुम्हीही बोला. गुरुन्सी कुत्री खातात, असं बिसा चिडवतात."

"बाबा, प्लीज," सुधीर म्हणाला, "तसलं काही बोलू नका. रेसिस्ट वाटतं ते."

मुलानं नको म्हटलं की करायचं, ही माझी जुनी खोड. दुसऱ्या दिवशी नेब्या दिसताच मी "भू, भू" केलं. तो इतका हसला की कवळी हातात आली.

त्यानंतर आमचं रोजचं भांडण. मी मराठीत, तो त्याच्या भाषेत. "काय रे नेब्या, बुजगावण्या, आज पण हाच झगा?" असं मी म्हटलं की तो माझ्या दुप्पट लांब उत्तर द्यायचा. मधेमधे आमचं इंग्रजी. "बिसा नो वर्क. बिसा ईट, स्लीप." "गुरुन्सी बिग माउथ." शिवी कळायला भाषा लागत नाही, तोंड बघितलं की कळते. सेंटरच्या बाईंना हे भांडण खरं वाटलं. त्यांनी आमच्या खुर्च्या लांब केल्या. आम्ही दोघांनी मिळून त्या परत जवळ ओढल्या.

एकदा क्लारिस आणि सुधीर दोघंही न्यायला आले होते, तेव्हा मी विचारून घेतलं. म्हटलं, आमच्याकडे एका जातीनं दुसरीला असं बोललं तर कोयते निघतील. तुमच्याकडे भांडणंच होत नाहीत का?

तिचा चेहरा उतरला. "होतात की. बंदुका घेऊन माणसं येतात, गावंच्या गावं उठून जातात. आमचंही गाव उठलं. पण बिसा आणि गुरुन्सी यांच्यात कधी नाही."

नेब्या मधेच तिला काहीतरी लांबलचक बोलला. तिला ते सांगवेना. सुधीरनं दोनदा विचारल्यावर म्हणाली, "गुरुन्सी मेला की त्याच्या दारात बिसा येतात, पेटीची वाट अडवतात. मेलेल्याची टिंगल करतात, रडणाऱ्यांना हसवतात. त्याशिवाय मेलेला नीट गेला असं धरत नाहीत. पप्पा म्हणतात, गावी तर आता मला नेता यायचं नाही. आणि इथे बिसा एकच आहे."

नेब्या माझ्याकडे बघत होता. हसत नव्हता. मी म्हटलं, "येईन. चारचौघांत तुझी अब्रू काढीन."

चार महिन्यांनी त्याची खुर्ची रिकामी दिसली. सेंटरच्या व्हॅनचा ड्रायव्हर एवढंच म्हणाला, "हॉस्पिटल." मला गाडी चालवता येत नाही, पाटी वाचता येत नाही. रविवारपर्यंत सुधीरची वाट बघितली. गेलो तर नेब्याच्या तोंडात नळी. मी "भू, भू" केलं, बुजगावण्या म्हटलं, येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या दिल्या. यंत्र तेवढं आवाज करत होतं. डॉक्टर येऊन काही बोलून गेले, ते मला कळलं नाही. सुधीरनंही सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

तीन दिवसांनी तो गेला. चर्चला जाताना सुधीर म्हणाला, "बाबा, तिथे तमाशा नको हां. हे खरं फ्युनरल आहे."

"शब्द दिलाय मी."

"दिला असेल. पण लोक काय म्हणतील?"



चर्चमध्ये त्यांच्या देशाची पाऊणशे माणसं होती, सगळ्यांच्या अंगावर एकाच छापाचं कापड. कोण कुठल्या जमातीचं ते मला ओळखता येईना. क्लारिस दगडासारखी बसलेली. प्रार्थना झाली, सहा जणांनी पेटी खांद्यावर घेतली. मी उठलो, दारात गेलो आणि चौकटीला दोन्हीकडे हात लावून उभा राहिलो.

"कुठं नेताय या आळश्याला?" मराठीतच म्हटलं. "जिवंतपणी कधी चालला नाही, आता मेल्यावर सहा जणांच्या खांद्यावर बसून निघालाय. उतरवा खाली. जाऊ दे चालत."

मागून कुणीतरी म्हणालं, "बिसा." आणि अख्खं चर्च हसलं. म्हाताऱ्या बायका मांडीवर थापा मारायला लागल्या. क्लारिसच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. वाट सोडण्यासाठी बिसाच्या हातावर काहीतरी ठेवायची रीत असते म्हणे. तिनं पर्समध्ये चाचपून खोकल्याची एक गोळी काढली, माझ्या तळहातावर ठेवली. मी ती मुठीत घेतली आणि मूठ परत चौकटीला लावली.

आता बाजूला व्हायचं होतं. पण मला होता येईना. माणसं अजून हसत होती, त्यांना वाटलं मी आणखी काही बोलणार. माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. हळूहळू हसणं थांबलं. सुधीर जवळ येऊन म्हणाला, "बाबा, चला." मी हललो नाही.

मग क्लारिस पुढे आली. त्यांच्याकडे काकाला तोंतों म्हणतात. ती हळूच म्हणाली, "तोंतों," आणि पेटीखालच्या माणसांकडे बोट दाखवलं. पुढच्याचा खांदा थरथरत होता. डोक्यावर भरलं घमेलं असलेल्या माणसाला मी उभ्या जन्मात कधी ताटकळत ठेवलं नाही.

मी हात काढले. पेटी माझ्या अंगाला घासून बाहेर गेली.