पाणी न पिणारं गाव

नदीच्या खोऱ्याचं पाण्याचं बजेट मांडणं सोपं असतं, असं मला नोकरीला लागताना वाटलं होतं. पाऊस किती पडला, किती मुरला, किती उन्हानं उडाला, माणसांनी नदीतून किती पाणी उपसलं. ऊन-पाऊस स्वतःला मोजू देतात. घोडं अडतं ते माणसांपाशी.

माझी अक्का राधानगरीच्या वाटेवरच्या गावात दिलेली. दाजी तिथले उपसरपंच. कोल्हापूरच्या पाटबंधारे ऑफिसातून मी तिथल्या ग्रामसभेला गेलो, तर नदीकाठाला डोक्याच्या वर ऊस, आणि मोटरांच्या आवाजात माझं बोलणं मलाच ऐकू येईना. ओरडून विचारलं, नदीतून पाणी किती उचलता?

"कसलं पाणी, पावणं?" दाजी म्हणाले. "आमचं सगळं पावसावर हाय की!"

"मोटर कसली असती, आमी बघितली बी न्हाय," मागून एकजण म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता काय बोलणार, कपाळ?

जेवताना म्हणालो, "दाजी, खरं सांगा. नाही म्हणालात तर उन्हाळ्यात तुमच्या वाटणीचं पाणी दुसऱ्याला जाईल."

"लई शाना हाईस. आज व्हय म्हटलं की उद्या मीटर बसवतील. झाकली मूठ सव्वा लाखाची."

वाढता वाढता अक्का म्हणाली, "माझ्या तुकड्याचं तेवढं ल्ही की रं." सासूबाईंनी जाताना एक तुकडा तिच्या नावावर केला होता. आयुष्यात पहिल्यांदा नावावर आलेली जमीन. तिनं स्वतः उसाची लावण केली होती, आणि येईल त्याला बांधावर नेऊन दाखवायची.

"अक्का, ते सभेत सांगावं लागतं," मी म्हणालो. दाजी हसले. सभेत बाई कधी बोलली नव्हती.

बजेट तयार झालं. इतकं गुणी गाव अख्ख्या खोऱ्यात दुसरं नव्हतं. उन्हाळ्यात धरणातून पाणी सुटलं ते जयसिंगपूरकडच्या, खरं बोललेल्या गावांसाठी. वाटेत कुणी उपसू नये म्हणून, ज्यांनी मोटर कधी बघितलीच नव्हती त्यांच्या मोटरांची वीज तोडली. भरलेली नदी गावासमोरून वाहत गेली आणि गाव काठावर बसून बघत राहिलं.

अक्काचा ऊस वाळला. तिनं तो कापून म्हशींना घातला. मला फोनवर एवढंच म्हणाली, "म्हशी लई आवडीनं खात्यात." मला रडू आलं, आणि दाजींचा असा संताप आला की सांगता सोय नाही. ते मलाच म्हणत होते, घरचा माणूस हापिसात असून उपेग काय?

पुढच्या सभेला वाटलं, आता तरी अक्कल आली असेल. कसली अक्कल! गेल्या खेपेला आपण नाही म्हणायला कमी पडलो, असं गावाचं मत होतं. या खेपेला दाजींनी सांगितलं, "आमच्यात ऊसच न्हाय."

मागच्या बाजूला अक्का उठली. "हाय. माझा हाय. फेरलावण केलीया."

"खाली बस!" दाजी ओरडले. मग सगळेच ओरडले.

"न्हाय बसत. हातानं वाढवलेला ऊस कापलाय मी. तू ल्ही रं. माझ्या उसाला पाणी लागतंय."

मी लिहिलं. आमच्या बजेटात आज त्या गावात पाणी लागणारं एकच शेत आहे. मालकाच्या जागी अक्काचं नाव आहे.