शतावरीची घागर

मी सून म्हणून घरात आले, त्याच पावसाळ्यात सासूबाईंनी परसात, न्हाणीच्या कडेला, शतावरी लावली. बाळंतिणीला दूध यावं म्हणून तिच्या मुळ्या दुधात शिजवून देतात आणि त्या धरायला दोन वर्षं लागतात. सासूबाईंचा हिशेब सरळ होता. वेल मुळ्या धरील तोवर माझीही कूस उजवेल.

वेलानं आपलं काम चोख केलं. माझ्याच्यानं झालं नाही.

आमचं गाव डोंगरकड्याच्या अंगाला. निजामाचा अंमल, नळबिळ कुठले! आड गावाबाहेर, उन्हाळ्यात घागर बुडायची नाही. घरात प्यायला पुरो न पुरो, वेलाला एक घागर जायचीच. पाणी घालताना काटे हात ओरबाडायचे. आडावर बाया विचारायच्या, "काय गं, येल कसा हाय?" विचारणं वेलाचं नसायचं. आधी मी लाजायचे, मग चिडायचे, पुढं पुढं नुसतं "हाय" म्हणून घागर उचलायचे. फार थकले होते मी. उन्हाळ्यात वेल वरून वाळला की वाटायचं, सुटले एकदाची. पण मृग लागला की खालून पुन्हा कोंब. मेला मरायचा नाही.

गावातल्या कुणी मुळी मागितली तर सासूबाई साफ नाही म्हणायच्या. "सुनेसाठी राखलीय."

एकदा शेजारची मणियारीण आली. आमच्या हातांत बांगड्या भरायची ती, वयानं सासूबाईंएवढी. उंबऱ्यातच बसली.

"बाई, सुनेला दूधच न्हाई. बकरीचं दूध लेकराला पचून न्हाई राहिलं. लई तकलीफ हाय. थोडी मुळी द्या."

सासूबाई खाली बघत म्हणाल्या, "सुनेसाठी राखलीय." पण आवाज नेहमीचा नव्हता.

त्या आवाजानं माझं डोकं फिरलं. कुणासाठी राखलीय? कुठाय ते लेकरू? मी कुदळ घेतली आणि वेल खणला. बोटाएवढ्या पांढऱ्या मुळ्यांचा घोसच्या घोस निघाला. सगळ्या मणियारणीच्या पदरात टाकल्या. ती दुवा देत गेली. मी तिथंच उभी राहिले, आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून. सासूबाई म्हणजे फटकळ बाई.

त्या आल्या. चिखलात बसून वेलाचा गड्डा पुन्हा खड्ड्यात ठेवला, हातानं माती दाबली. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आता मुळ्या धराया पुना दोन वरसं. तवर तुला कुनी काय इचारायचं न्हाई. इचारलंच तर मला सांग."

आणि घागर उचलून आडाकडं त्याच गेल्या.

मी न्हाणीच्या दगडावर बसले आणि पोटभर रडले.