काकींचा टोप

गोव्यात तुयेला नवरा कामाला होता ती कंपनी बंद झाली, त्या दिवशी तो दुपारीच खोलीवर आला आणि म्हणाला, "आठ दिवस सुट्टी." मी मेली खूश झाले! साथ काय, टाळेबंदी काय, डोंबल कळत होतं मला. तीन आठवड्यांत डब्यांचे तळ दिसायला लागले. ठेकेदार फोन उचलेना. गडहिंग्लजला परतावं तर रस्ते बंद, आणि रेशनकार्ड गावी सासूच्या ट्रंकेत. माझी चार वर्षांची पोर जेवण झालं तरी ताटापाशीच बसून राहायची. तिच्या पोटाला दोन वेळा काय घालायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात असायचं.

घरमालकीण इथलीच, पेडण्याची, जुन्या घराण्यातली. आम्ही त्यांना काकी म्हणायचो. त्यांचा मुलगा मोरजीला हॉटेलात स्वयंपाकी होता. पहिल्याच आठवड्यात काकींनी टोपभर पेज पाठवली, वर खारातल्या आंब्याची फोड. आता आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. आईनं मला दुसरं काही शिकवलं नसेल, पण हे बजावून शिकवलं. मी टोप घासला आणि शिमग्याला गावाहून आणलेलं जोंधळ्याचं पीठ त्यात घातलं.

"कशाक गो?" काकी म्हणाल्या.

"गावचं आहे, काकी. खूप आहे," मी ठोकून दिलं. खूप कुठलं आलंय!

दोन दिवसांनी पुन्हा टोप आला, मी पुन्हा पीठ घातलं. मग शेंगदाण्याची चटणी. मग गूळ. नवरा पेटला. "अगं, पोरीच्या तोंडचं काढून देतेस?"

"मग काय लाज सोडून फुकटचं गिळू?" मीही ओरडले. आमचं भांडण ऐकून पोर कोपऱ्यात जाऊन बसली.

पुढं पंचायतीची माणसं धान्याच्या पिशव्यांसाठी नावं लिहून घ्यायला आली. मी दाराआड उभी होते. अंगणातून काकींचा आवाज आला, "हेंका नको रे. हेंच्याकडे गावचा खूप आसा." आणि ती माणसं पुढच्या खोल्यांकडे निघून गेली. अंगाची नुसती आग झाली माझ्या! पण चिडू कुणावर? बोल माझेच होते. धावत जाऊन सांगायला हवं होतं, आणि माझा पाय काही उंबऱ्याबाहेर पडला नाही.

त्या संध्याकाळी डबा झाडून एक भाकरी झाली. ती पोरीला दिली. नवरा गाठोडं बांधायला बसला. "उद्या निघू. तिलारीच्या घाटानं चालत." एवढ्याशा पोरीला घेऊन? असल्या उन्हात?

मी टोप उचलला, तसाच रिकामा, आणि काकींच्या दारात गेले. त्यांनी झाकण काढून आत पाहिलं.

"संपलं, काकी. खूप नव्हतंच कधी. मी खोटं बोलले."

काकी मटकन पायरीवर बसल्या. हळूच म्हणाल्या, "आता आमी काय खावचा गो? तुझ्याच पिठार आमचा चाललेला."

हॉटेल बंद झाल्यापासून त्यांच्या घरात पैसा आला नव्हता. आणि नावं लिहिणाऱ्यांना त्यांनी स्वतःचंही नाव सांगितलं नव्हतं. घरमालकांनी हात कसा पसरायचा!

नवऱ्याला मी एक दिवस थांबवलं. सकाळी पंचायतीपुढच्या रांगेत उभी राहिले. काकी माझ्या मागे, तोंडाला मास्क आणि त्यावरून पदर. टेबलाशी बसलेल्या माणसानं तरीही ओळखलंच. तो चटकन उठून उभा राहिला.

"काकी, तुमी हिका घेवन इलास?"

बिचाऱ्यानं त्यांना लाज राखायला वाट काढून दिली होती. मीही हो म्हणणार होते. काकींनी पदर मागे सारला.

"नाय रे," त्या म्हणाल्या. "हीच माका घेवन इली. दोघांचीय नावां घाल."